सभासदांची यादी आणि मैदान : डेक्कन जिमखान्याचा इतिहास बोदवडहून वाचताना

स्मरणिकेतला संस्थेचा इतिहास बहुधा ठरलेल्या वाटेने जातो. आधी संस्थापकांचे छायाचित्र, मग जागा कशी मिळाली, कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, कोणी किती देणगी दिली, आणि शेवटी अध्यक्ष-चिटणीसांची सालवार यादी. ही माहिती जपायला हवी यात वाद नाही; ती छापली नाही तर पुढच्या पिढीला संस्थेचा आगापीछा कळणार नाही. पण खेळाच्या संस्थेला हा साचा अपुरा पडतो. शाळेची इमारत म्हणजे बव्हंशी शाळाच असते, वाचनालयाची कपाटे म्हणजे बव्हंशी वाचनालयच. जिमखान्याचे तसे नाही. भिंती, दिवाणखाना, नावांची पाटी हे सगळे जागच्या जागी असूनही मैदान ओस असू शकते. आणि भिंत एकही नसताना, चुन्याच्या चार रेघांवर, संस्था उभी राहू शकते. म्हणून खेळाच्या संस्थेचा इतिहास लिहिणाऱ्याने आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : संस्थेच्या सभासद-यादीत ज्यांचे नाव नव्हते, अशा किती जणांना या मैदानाने जागा दिली? पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा पूर्वेतिहास या प्रश्नाच्या उजेडात वाचला, तर त्याचे खरे मोठेपणही दिसते आणि त्या काळच्या क्लब-संस्कृतीची मर्यादाही.

बोदवडला बसून पुण्याच्या जिमखान्याचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. त्याचे साधे उत्तर असे की आपल्यासारख्या गावात जेव्हा जेव्हा क्रीडामंडळ किंवा क्लब काढायची भाषा होते, तेव्हा नमुना म्हणून डोळ्यांपुढे असतो तो मोठ्या शहरातला जिमखानाच. हिरवळ, टेनिसचे कोर्ट, पोहण्याचा तलाव, संध्याकाळी चहा आणि पत्ते. हे चित्र समोर ठेवले की दोनच गोष्टी घडतात. एक तर एवढा पैसा आपल्याकडे कुठला म्हणून विषय तिथेच संपतो. नाही तर कसाबसा एक हॉल बांधला जातो, उद्घाटनाला पुढारी येतात, आणि वर्षभरात त्या हॉलमध्ये लग्ने लागू लागतात. दोन्हीकडे चूक एकच. नमुन्याची आजची श्रीमंती पाहिली जाते, त्याची सुरुवात पाहिली जात नाही. आणि डेक्कन जिमखान्याला देशाच्या क्रीडा-इतिहासात जे स्थान मिळाले, ते त्याच्या पहिल्या पंधरा वर्षांतल्या कामामुळे मिळाले.

डेक्कन जिमखान्याची स्थापना ऑक्टोबर १९०६ मधली. संस्थापक म्हणून बाळकृष्ण नारायण भाजेकर यांचे नाव घेतले जाते. या सालाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. आदल्याच वर्षी बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशी आणि बहिष्काराच्या चळवळीने पुणे ढवळून निघाले होते. त्याच शहराने नऊ वर्षांपूर्वी, २२ जून १८९७ रोजी, प्लेगच्या धामधुमीत, प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळ्या ऐकल्या होत्या, आणि त्या झाडणाऱ्या चापेकर बंधूंचा तालमीशी व कवायतीशी असलेला संबंध सरकार विसरले नव्हते. तरुणांनी एकत्र येऊन शरीर कमावणे हीच त्या काळी संशयाची बाब होती. दुसरीकडे लष्करी छावणीच्या बाजूला गोऱ्यांचा पूना जिमखाना होता. तिथे हिंदी माणूस असायचा तो नोकर म्हणून. अशा वेळी शहरातल्या लोकांनी नदीपल्याड, लकडी पुलाच्या पलीकडच्या मोकळ्या रानात आपली संस्था काढली आणि तिला नाव दिले ‘जिमखाना’. या नावामुळे सरकारदरबारी संस्था सोज्वळ दिसली असेल, असा तर्क करायला जागा आहे. पण शब्दही गमतीचा आहे. ‘गेंदखाना’ या हिंदुस्तानी शब्दाला इंग्रजी ‘जिम्नॅस्टिक’चे कलम होऊन तो तयार झाला, असे कोशकार सांगतात. नावात जे होते तेच कामात उतरले : अर्धे देशी, अर्धे विलायती.

त्या कामातला सर्वांत दूरगामी भाग विटा-चुन्याचा नव्हता, तो कागदावरचा होता. खो-खो, हुतुतू, आट्यापाट्या हे खेळ महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या खेळले जात होते, पण गावोगाव वेगळे. एका गावात गडी बाद झाला की बसायचा, दुसऱ्या गावात पुन्हा उठायचा. कुठे मैदान लांब, कुठे आखूड. डाव किती वेळ चालायचा हे सूर्य मावळण्यावर अवलंबून. स्वतःच्या आळीत खेळायला एवढे पुरते. पण बोदवडच्या पोरांना जामनेरच्या पोरांशी खेळायचे असेल तर? पहिला तास भांडणातच जाईल. १९१४ च्या सुमारास पुण्यात जिमखान्याच्या पुढाकाराने खो-खोचे नियम ठरवण्यासाठी समिती बसली. दहा वर्षांनी, १९२४ मध्ये, बडोद्याच्या जिमखान्याने खो-खोची नियमावली छापली. हुतुतूच्या नियमांना वळण देण्याचे कामही १९२३ च्या सुमारास बडोद्याच्याच हिंदविजय जिमखान्याकडे गेले. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ मध्ये आट्यापाट्या आणि खो-खो यांचे नियम पुस्तकरूपाने आणले. या तारखा रूक्ष वाटतात, पण त्यांच्यामागचा अर्थ मोठा आहे. लिखित नियम म्हणजे अनोळखी माणसाला दिलेले आमंत्रण असते. तुझे गाव कुठले, जात कुठली, कोणाचा मुलगा, हे न विचारता ‘रेघ अशी आहे, वेळ इतकी आहे, ये, खेळ’ असे म्हणायची सोय नियमाने होते. खेळ आळीतून निघून जिल्ह्यात, जिल्ह्यातून प्रांतात जातो तो याच वाटेने. आज खो-खो शालेय स्पर्धांत गावागावांतून खेळला जातो, त्याचे मूळ असल्या समित्यांच्या कंटाळवाण्या बैठकांत आहे.

नियमाचे हे आमंत्रण किती लांब पोचू शकते याचा पुरावा १९१९ साली मिळाला. जिमखान्याच्या वार्षिक शर्यतींसाठी सर दोराबजी टाटा यांना अध्यक्ष म्हणून बोलावले होते. त्यांनी तिथे जे पाहिले ते पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना पत्रातून कळवले, म्हणून आपल्याला ते ठाऊक आहे. शर्यतींचा कार्यक्रम युरोपी धर्तीवर आखलेला होता, पण धावणारे बहुतेक शेतकरी कुटुंबांतले होते. शेतात राबणारी, साध्या अन्नावर वाढलेली ही मुले. आधुनिक प्रशिक्षण म्हणजे काय याचा त्यांना गंधही नव्हता. सुमारे पंचवीस मैलांची लांब पल्ल्याची शर्यत होती. कच्च्या आणि खडीच्या रस्त्यावर ती मुले अनवाणी धावली, आणि पुढच्या तिघा-चौघांची वेळ अशी होती की जाणकारांनी युरोपातल्या वेळांशी तिची तुलना केली. हे पाहून दोराबजींनी यांतल्या काहींना स्वतःच्या खर्चाने अँटवर्पच्या ऑलिंपिकला पाठवायचे ठरवले. हिंदुस्थानने ऑलिंपिकला संघ पाठवावा ही कल्पना अशी एका नगरातल्या संस्थेच्या मैदानावर, खेड्यातल्या अनवाणी पायांकडे पाहताना उभी राहिली.

याच काळातला एक किस्सा क्रीडा-इतिहासात सांगितला जातो, आणि तो जिमखान्याच्या थट्टेसाठीच नव्हे तर कौतुकासाठीही वापरता येतो. शंभर यार्डांच्या शर्यतीला ऑलिंपिकच्या तोडीचा म्हणून किती वेळ धरतात, असे विचारल्यावर संस्थेच्या एका प्रमुख सभासदाने उत्तर मिनिटाच्या हिशोबात दिले. हा मामला मिनिटांचा नसून सेकंदाच्याही दहाव्या भागाचा आहे हे ऐकून तो चकित झाला. म्हणजे शर्यती भरवणारे स्वतः या शास्त्रात नवखे होते. तरी त्यांनी भरवल्या. आधी तज्ज्ञ होऊ, मग मैदान उघडू, असे त्यांनी म्हटले असते तर तो दिवस उगवलाच नसता. अर्धवट ज्ञानावर, पण सर्वांना दिसेल अशा ठिकाणी आणि मोजमापाची तयारी ठेवून सुरुवात करणे हे त्या पिढीचे शहाणपण होते. चूक उघड्यावर झाली म्हणून ती सुधारता आली. बंद तालमीत कोणाची वेळ किती हे कोणी मोजलेच नसते, तर ती कमी आहे की जास्त हे कळले नसते.

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला सहा जणांचा संघ गेला. धावण्यासाठी फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी. कुस्तीसाठी कुमार नवले आणि रणधीर शिंदे. सोबत व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत आणि फैजी होते. बेळगावकडचे चौगुले मॅरेथॉनमध्ये धावले. त्या वर्षीची मॅरेथॉन पावणेत्रेचाळीस किलोमीटरची, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब होती. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत, एकोणिसावे आले. रणधीर शिंदे फेदरवेट गटात कांस्यपदकाच्या कुस्तीपर्यंत गेले आणि ती हरल्यामुळे चौथ्या स्थानावर राहिले. बाकीच्यांची मजल फारशी गेली नाही. पदक एकही नाही.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. पदक नाही, विक्रम नाही. मग एवढा डांगोरा कशाचा? मॅरेथॉन जिंकणारा फिनलंडचा हान्नेस कोलेह्माइनेन चौगुल्यांच्या आधी जवळपास अठरा मिनिटे पोचला होता. ही तफावत झाकायचे कारण नाही. पण तिचा अर्थ नीट लावायला हवा. अठरा मिनिटांची तफावत कळली, हेच त्या प्रवासाचे फळ. तोवर आपण किती मागे आहोत हे आपल्याला ठाऊक नव्हते; आपण मागे आहोत की पुढे हेसुद्धा ठाऊक नव्हते. मोजमापाशिवाय अभिमान आणि न्यूनगंड दोन्ही सारखेच पोकळ असतात. शिवाय फळ तिथेच थांबले नाही. १९२४ ला पॅरिसला पुन्हा संघ गेला. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९२८ ला ॲम्स्टरडॅममध्ये हॉकीचे सुवर्ण मिळाले. हॉकीचे श्रेय जिमखान्याच्या खात्यावर टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या खळ्यातले धान्य आपल्या पोत्यात भरणे होईल. मात्र संघ कसा निवडायचा, पैसा कसा उभा करायचा, जहाजातून माणसे कशी पाठवायची आणि परत कशी आणायची, ही व्यवस्था ज्या घडीवर बसली तिची पहिली दुमड पुण्यात पडली, एवढे निश्चित म्हणता येते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. अनवाणी धावणाऱ्या त्या मुलांपैकी किती जण जिमखान्याचे वर्गणीदार सभासद असतील? शेतमजुरी करणाऱ्या घरातला मुलगा क्लबची वर्गणी भरून संध्याकाळी व्हरांड्यात चहा घेत बसला असेल, असे चित्र त्या काळात संभवत नाही. म्हणजे ज्या घटनेमुळे संस्थेचे नाव इतिहासात गेले, ती घटना सभासदांनी घडवून आणली खरी, पण तिच्यात धावले ते यादीबाहेरचे लोक. आणि यादीबाहेरच्या माणसाला मैदानावर घेणे आणि बैठकीत घेणे यांत किती अंतर होते, हे पाहायला पुण्यातलेच त्याआधीच्या काळातले उदाहरण आहे. पाळवणकर बाळू चर्मकार समाजातले. पूना जिमखान्यात मैदानाची देखभाल करताना गोऱ्या फलंदाजांना चेंडू टाकून टाकून ते देशातल्या सर्वोत्तम डावखुऱ्या गोलंदाजांपैकी एक झाले. शहरातल्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना संघात घेतले. त्यांनी बळी मिळवले, सामने जिंकून दिले. पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर शंभराहून अधिक बळी घेणारा हा गोलंदाज स्वतःच्या गावात मैदानावर सवंगडी होता आणि तंबूत परका. ही घटना डेक्कन जिमखान्याच्या स्थापनेपूर्वीची आहे, तिचा दोष त्या संस्थेच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पण ज्या समाजातून त्या काळचे सगळे क्लब निघाले त्याचे हे रूप आहे. मुंबईतले जिमखाने तर नावानेच पारशी, हिंदू, इस्लाम असे वाटले गेले होते. खेळाच्या नियमांनी जे दार उघडले, ते सभासदत्वाच्या नियमांनी लोटून घेतले, असा हा विरोधाभास आहे.

यावर कोणी म्हणेल की दोष क्लब या विलायती साच्याचाच आहे. आपल्याकडे आखाडा होता, तालीम होती, तिथे मातीत उतरला की सगळे सारखे. मग इंग्रजांचे अनुकरण हवे कशाला? या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याला सर्वांत चांगला आधार आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. बोदवडच्या स्टेशनवरून गाडी मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला करत बडनेऱ्याला पोचते, आणि तिथून अमरावती हाकेच्या अंतरावर. त्या अमरावतीत १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला; तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. राजगुरूंसारखा क्रांतिकारक तिथे शरीर कमावून गेला. १९३६ मध्ये, ज्या वर्षी आपल्या खानदेशात फैजपूरला खेड्यात भरलेले पहिले काँग्रेस अधिवेशन झाले त्याच वर्षी, या मंडळाचा चमू बर्लिनला गेला आणि ऑलिंपिकच्या निमित्ताने जमलेल्या जगापुढे कबड्डीसारखे देशी खेळ करून दाखवले. म्हणजे देशी साचाही जगापर्यंत पोचू शकत होता. पण अमरावतीच्या यशाचे कारण तपासले तर ते निव्वळ आखाडा असण्यात नाही. आखाडे गावोगाव होते. बहुतेक आखाडे एका वस्तादाच्या नावाने चालले आणि वस्ताद थकला की बंद पडले. विद्या वस्तादाच्या मर्जीतल्या दोघा-चौघांकडे गेली. अमरावतीकरांनी ‘प्रसारक’ हा शब्द नावातच घातला आणि खरा करून दाखवला : वर्ग भरवले, शिक्षक तयार केले, ते बाहेरगावी पाठवले. म्हणजे पुण्याने नियम लिहून जे साधले ते अमरावतीने शिक्षक घडवून साधले. दोन्हीकडे विद्या चार भिंतींबाहेर काढली गेली. म्हणून वाद देशी विरुद्ध विलायती असा मांडण्यात अर्थ नाही. आखाडाही बंद असू शकतो आणि जिमखानाही उघडा.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो प्रत्येक संस्थेच्या सर्वसाधारण सभेत निघतो. वर्गणी आम्ही भरायची, पाण्याचे आणि विजेचे बिल आम्ही द्यायचे, आणि मैदान वापरायचे बाहेरच्यांनी, हा कुठला न्याय? हा प्रश्न कोत्या मनाचा म्हणून उडवून लावू नये; वर्गणीदार टिकला नाही तर मैदानावर बाभळी उगवतात. पण हिशोब दोन्ही बाजूंनी मांडावा. जमीन, रस्ता, अनुदान, करसवलत यांच्या रूपाने कोणत्याही क्लबला समाजाकडून काही ना काही मिळालेले असते. १९२० च्या संघाचा खर्चही जिमखान्याच्या वर्गणीतून निघाला नव्हता. दोराबजींचा खिसा आणि बाहेरची मदत यांवर तो भागला. १९५२ ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक, कुस्तीतले कांस्य, मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांच्यासाठी गावकऱ्यांनी पैसे गोळा केले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी घर गहाण टाकले. खेळाडूचा शेवटचा टप्पा नेहमी समाजच उचलतो. मग पहिल्या टप्प्यावर समाजाला मैदान मिळायला नको का? वर्गणीदाराला त्याच्या पैशांच्या मोबदल्यात राखीव वेळ, राखीव कोर्ट, वाचनाची खोली जरूर द्यावी. पण धावपट्टी आणि मातीचे मैदान ठरावीक वेळी सर्वांना खुले ठेवणे हा धर्मादाय भाग समजू नये. संस्थेचे नाव पुढे कोण काढणार हे आज कोणालाच माहीत नसते, एवढाच त्यातला हिशोब आहे.

तिसरा आक्षेप नेमका उलट बाजूने येतो. मैदान आणि खेळ ठीक, पण क्लबचा ‘स्नेहसंमेलनी’ भाग, म्हणजे गप्पा, चहा, पत्ते, सहभोजन, हवा कशाला? रिकामटेकड्यांचा अड्डा होतो, दुसरे काय? असे अड्डे झालेले आहेत हे कोणी नाकारणार नाही. तरी १९१९ चा प्रसंग पुन्हा पाहावा. शेतकऱ्याच्या मुलाची वेळ युरोपच्या वेळेशी ताडून पाहणारे जाणकार, उद्योगपतीला अध्यक्ष म्हणून बोलावू शकणारे कार्यवाह, सरकारशी पत्रव्यवहार करणारे चिटणीस, ही सगळी माणसे एकमेकांना ओळखत होती ती बैठकीमुळे. धावणारे पाय खेड्यातून आले, पण त्या पायांना अँटवर्पची वाट दाखवणाऱ्या ओळखी क्लबच्या व्हरांड्यात जमल्या होत्या. खेळाडू एकटा जगापर्यंत जात नाही. त्याच्या मागे डॉक्टर, वकील, शिक्षक, व्यापारी अशी चार माणसे एका सतरंजीवर बसलेली लागतात. प्रश्न सतरंजी असावी की नाही हा नाही, तिच्यावर कोणाला बसता येते हा आहे. बाळूंना मैदान मिळाले, सतरंजी मिळाली नाही. म्हणून त्यांचे कर्तृत्व वापरले गेले पण त्यांचे मत कोणी विचारले नाही. ज्या क्लबच्या कार्यकारिणीत खेळाडूच नाही, मुलीच्या वेळेचा आणि सोयीचा विचार करणारी बाई नाही, मैदान झाडणारा माणूस ज्या चहाला बाहेर उभा आहे, त्या क्लबचा स्नेहभाग खरोखरच अड्डा समजावा.

शेवटचा आक्षेप आपल्या गावाचा. बोदवड म्हणजे पुणे नव्हे. १९९९ मध्ये तालुका झालेले, कापूस, मका आणि बाजारपेठ यांवर चालणारे गाव. इथे ना टाटा येणार ना ऑलिंपिक. हे मान्य करूनही वर सांगितलेल्या इतिहासातून निघणारी गोष्ट आपल्यालाच जास्त लागू पडते असे दिसते. आज पहाटे तालुक्याच्या कुठल्याही गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर मुले, आणि आता मुलीही, धावताना दिसतात. पोलीस भरती आणि सैन्य भरती हे त्यांचे ऑलिंपिक. पोलीस शिपाई भरतीत मुलांना सोळाशे आणि मुलींना आठशे मीटर धावायचे असते, आणि सेकंदागणिक गुण कमी होतात. ही मुले कोणत्याही क्लबची सभासद नाहीत. ती ट्रकच्या झोतात, रस्त्याच्या कडेने, अंतराचा अंदाज मैलाच्या दगडावरून घेत धावतात. वेळ पाहायला हातात मोबाइल असतो, पण अंतर बरोबर मोजलेले नसेल तर वेळेला काय अर्थ? शंभर यार्डांची वेळ मिनिटांत सांगणारा १९१९ चा तो सभासद आणि आजचा हा मुलगा, दोघांची अडचण एकच आहे. फरक इतकाच की त्या सभासदाला त्याचे चुकल्याचे सांगणारे कोणी तरी मैदानावर होते.

म्हणून अशा गावात नवा क्रीडा आणि स्नेह क्लब निघालाच, तर त्याची सुरुवात हॉलपासून होऊ नये. सुरुवात मोजलेल्या चारशे मीटरच्या मातीच्या धावपट्टीने व्हावी; तिला सिमेंट लागत नाही, फीत, चुना आणि रोलर लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे वेळेची वही : कोणीही यावे, धावावे, त्याची वेळ नाव आणि तारीख घालून नोंदवली जावी. तिसरी, वर्षातून एकदा जाहीर शर्यती आणि खो-खो-कबड्डीचे सामने, आणि ते पंच ठेवून, छापील नियमांनी. शिरसाळ्याच्या मारुतीला आपल्याकडे शनिवारी गर्दी लोटते. तो देव मंदिरावर छप्पर घालू देत नाही अशी भाविकांची श्रद्धा आहे. आखाड्याच्या दैवताने उघड्यावर राहणे पसंत करावे, यातून ज्याला जे घ्यायचे ते त्याने घ्यावे. निदान पहिल्याच वर्षी स्लॅबच्या मागे लागू नये, एवढे तरी घ्यायला हरकत नाही. छप्पर पुढे येईल, चहाची खोलीही येईल, आणि ती यावी. मात्र तोवर वही भरलेली असेल, तर त्या खोलीत कोणाला बसवायचे हे वहीच सांगेल.

डेक्कन जिमखान्याला आता शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत. पुण्यात आज ते एका संस्थेपुरते नाव राहिलेले नाही. अख्ख्या भागाला, बसथांब्याला, टपाल कार्यालयाला तेच नाव आहे. शहराने संस्थेला केवढे आपलेसे केले याची ती खूण. तरी तिच्या इतिहासाचे सर्वांत लखलखीत पान ज्यांच्यामुळे उघडले त्या १९१९ च्या बहुतेक अनवाणी धावपटूंची नावे आज कोणालाही सांगता येत नाहीत. चौगुले आणि दातार जहाजात बसले म्हणून उरले. त्यांच्यामागे तिसरा, दहावा, तिसावा कोण आला हे कुठे सापडत नाही. स्मरणिका काढणाऱ्या प्रत्येक संस्थेने यातून एक काम उचलावे. अध्यक्ष, चिटणीस, देणगीदार यांच्या याद्या छापून झाल्यावर आणखी चार पाने राखून ठेवावीत, आणि त्यांत वेळेच्या वहीतून काढलेली नावे छापावीत : जे सभासद नव्हते, ज्यांनी वर्गणी भरली नाही, पण जे या मैदानावर धावून गेले.